वीतभर नवी माती

बाईंच्या टेबलावर एक घंटी असायची. दुकानदाराच्या गल्ल्याजवळ असते तशी, पितळेची, वरून बोट आपटलं की टिंग करणारी. समोर उभा असलेला संशोधक कितीही हुशार असो, त्याच्या तोंडून चार लोकांना न कळणारा शब्द निघाला की टिंग. सुरू झालेलं वाक्य संपायचं नाव घेईना, टिंग. आणि कुणी "याबाबत अधिक अभ्यासाची गरज आहे" असं म्हणालंच, तर बाई दोनदा वाजवायच्या आणि वर म्हणायच्या, "मग करून ये की अभ्यास. आम्ही बसतो इथंच."

संस्था होती हवा, पाणी आणि माती यांचा अभ्यास करणारी. तिथं नव्याने लागलेली पोरं दिवसभर बाटल्या, नळ्या आणि आकडे यांच्यात बुडालेली असायची. आपल्याला काय सापडलंय ते त्यांना पक्कं ठाऊक असायचं, पण ते बाहेरच्या माणसाला सांगायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी. जे बोलायचे ते असं बोलायचे, की न बोलणारे परवडले. म्हणून संचालकांनी बाईंना आणलं. बाईंची सगळी नोकरी रेडिओवर गेली होती. विज्ञानाचा कार्यक्रम त्यांनी इतकी वर्षं केला होता, की बसमध्ये नुसतं "जरा सरकता का" म्हणाल्या तरी पुढच्या बाकावरचं माणूस वळून बघायचं.

बाईंचे नियम तीन. पहिला, मोठा शब्द नको. दुसरा, कुणी प्रश्न विचारला तर आधी हो किंवा नाही म्हणायचं, स्पष्टीकरण मागून. तिसरा नियम त्यांचा लाडका. माणसाला रिकाम्या हाताने घरी पाठवायचं नाही. शेवटी त्याला स्वतःला करता येईल असं काहीतरी द्यायचं. "नुसतं घाबरवलेलं माणूस कान झाकून घेतं," बाई म्हणायच्या. "धीर दिलेलं माणूस ऐकतं." हे काही त्यांनी पुस्तकातून उचललेलं नव्हतं. आयुष्यभर हजारो लोकांशी बोलून हाती लागलेलं शहाणपण होतं, आणि ते बहुतेक वेळा खरंही ठरायचं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एका मुलीने धुराबद्दल असं काही सांगितलं होतं, की अख्ख्या गल्लीने कचरा जाळायचा बंद केला.

त्या वर्षीच्या तुकडीत एक उंच, वाकून चालणारा मुलगा होता. मातीवर काम करायचा. त्याला वर्गातली सगळी 'कदाचित' म्हणायची, कारण त्याचं एकही वाक्य त्या शब्दावाचून पुरं होत नसे. चहा घेणार का विचारलं तरी तो छताकडे बघून आधी दोन्ही बाजू तपासायचा. कुठलीच गोष्ट त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ नव्हती. पहिल्या दिवशी तो बोलायला उभा राहिला तेव्हा घंटी इतक्या वेळा वाजली, की आपल्यालाच बोलावताहेत असं वाटून दारावरचा शिपाई दोनदा आत डोकावून गेला. पोरं पोट धरून हसत होती. कदाचितही हसत होता, पण कान लाल झाले होते बिचाऱ्याचे.

मग त्याने पडद्यावर नकाशा लावला, आणि बाईंचं बोट घंटीवर तसंच राहिलं.

नकाशावर एक वसाहत होती. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या कारखान्याची भिंत. तिथं एके काळी जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायचे. कारखाना मोडला, जागा सपाट झाली, प्लॉट पडले, घरं उठली. कालव्याकडच्या गल्लीतल्या शेवटच्या घराच्या परसावर त्या नकाशात गडद तांबडा ठिपका होता, आणि ते घर बाईंच्या धाकट्या बहिणीचं होतं.

धाकटीचा नवरा वारला तेव्हा ते घर सोडून ये माझ्याकडे, असं बाईंनी शंभरदा सांगितलं होतं. ती हलली नाही. घर नवऱ्याने विटेवर वीट ठेवून स्वतः बांधलेलं, त्यामागे परस. परसात टोमॅटो, घेवडा, भिंतीवर चढवलेला भोपळा. तिची मुलगी कामावर जाताना आपल्या लेकीला सकाळी तिथं सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. ती नात म्हणजे ठकी. चार वर्षं पुरी व्हायला आलेली, गोबरी, हट्टी आणि मातीत लोळणारी. ठकीच्या तोंडात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शब्द होते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर त्यात असू नये तेवढं शिसं. ते मुलांच्या मेंदूवर बसतं, डॉक्टर म्हणाले, आणि गेलेलं परत येईलच असं नाही.

बाईंनी हे धाकटीला समजावून समजावून जीभ झिजवली. पण पालथ्या घड्यावर पाणी. "मुलं बोलतात गं उशिरा," धाकटी म्हणायची. "आपल्या घरातला बडबडीचा कोटा तू एकटीने संपवलास, ताई. तिच्या वाटणीला काय राहणार?" सगळा मुलूख ज्यांचं ऐकून पाणी उकळायला लागला, त्या बाईंचं सख्खी बहीण ऐकत नव्हती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

नगरपालिकेने शेवटी एक मार्ग काढला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवीन इमारती तयार होत्या. वसाहतीतल्या निम्म्याहून जास्त घरांनी जाहीर सभेत हात वर केले, तर सगळ्यांना तिथं घर. नाही केले, तर त्या इमारती दुसऱ्या एका वस्तीला, जी केव्हाची रांगेत उभी होती. पुन्हा विचारणार नव्हते. वसाहत अगदी निम्म्यावर अडली होती. काहींना जायचं होतं, काहींना वाटत होतं की नगरपालिका आवळा देऊन कोहळा काढणार, आणि बरीचशी धाकटीसारखी कुंपणावर होती. सभेत मातीचा अभ्यास केलेला माणूस येऊन काय सापडलं ते सांगणार होता. तो माणूस म्हणजे कदाचित.

"तुझं नाही ऐकणार मी," धाकटी बाईंना म्हणाली होती. "तू माझी बहीण, तुला मला हलवायचंच आहे. पण त्या पोराने माझ्या परसात येऊन, उकिडवं बसून माती नेली. तो काय म्हणतो ते ऐकीन, आणि तो म्हणेल तसं करीन."

एवढं आश्वासन बाईंना पुरेसं होतं. माहिती त्याची, जीभ आपली, की झालं काम. त्या दिवसापासून वर्ग सुटला की त्या कदाचितला थांबवून घ्यायला लागल्या. खुर्च्या उलट्या करून बाकांवर ठेवलेल्या, फळा पुसलेला, आणि रिकाम्या खोलीत एक जण बोलतोय, एक जण घंटी वाजवतेय. बाईंनी इतकी मेहनत कुणावरच घेतली नव्हती. त्याला खांदे सरळ करायला शिकवलं. वाक्य कुठं सोडायचं, कुठं श्वास घ्यायचा, लोक हसले तर थांबायचं कसं, सगळं. 'सांद्रता' गेली, 'नमुना' गेला, 'प्रमाणित मर्यादा' गेली. 'कदाचित' जायला मात्र बाईंच्या नाकी नऊ आले. शेवटी एका संध्याकाळी त्याने पाच मिनिटं सलग, एकदाही तो शब्द न उच्चारता भाषण केलं, आणि दोघं खिडकीत बसून थंड झालेला चहा प्यायली.

"बाई, पण मला खात्री नसते तेव्हा काय म्हणू?" त्याने विचारलं.

"यात नाहीये का तुला खात्री?"

"यात आहे," तो म्हणाला. "तिथली माती साफ होण्यासारखी नाही. आम्ही खणत गेलो, तरी खाली संपतच नाही. आत्ता तिथं राहणाऱ्या कुणाच्याही हयातीत ती जागा राहण्याजोगी होणार नाही. त्यांनी जायला हवं."

"मग हेच म्हण. असंच."

घोडं अडलं ते शेवटावर. कदाचितने भाषण नव्या इमारतींवर संपवलं होतं. तिथली माती त्याने तपासली होती, ती चांगली होती, म्हणून तिकडे जा. बाईंना ते पटेना. "नगरपालिकेचा दलाल वाटशील," त्या म्हणाल्या. "लोकांना आधीच संशय आहे. तू घरं विकायला आलास असं वाटलं, की तुझ्या खऱ्याचंही खोटं होईल." मग त्यांनी त्याचा अहवाल चाळला. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, जाईपर्यंत घ्यायच्या काळजीच्या चार गोष्टी होत्या. उघड्या मातीवर वीतभर नवी माती पसरा, वर गवत लावा. भाजी तीन पाण्यांनी धुवा. मुलांचे हात साबणाने, वीस मोजेपर्यंत.

बाईंचे डोळे चमकले. "हा तुझा शेवट!"

"हा?" कदाचित गोंधळला. "बाई, हे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखं आहे."

"असू दे. पण हे त्यांच्या हातातलं आहे. तू त्यांच्या बाजूचा आहेस हे त्यांना इथं कळेल. लहान गोष्टीत विश्वास बसला, की मोठी गोष्ट ऐकतात."

"मग लोक तेवढंच करतील."

"लोकांना इतकं खुळं समजू नकोस."

"खुळं नाही समजत," तो हळूच म्हणाला. "मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेवढंच केलं असतं."

बाईंनी घंटी वाजवली, टिंग, आणि हसल्या. तोही हसला, आणि वाद तिथंच मिटला.

सभा वसाहतीतल्या शाळेच्या हॉलमध्ये होती. घडीच्या लोखंडी खुर्च्या, भिंतीवर मुलांनी रंगवलेली फुलपाखरं, मधूनच केकाटणारा माइक. एका टेबलामागे नगरपालिकेचा अधिकारी, पोटावर फाइल धरून, उंटावरून शेळ्या हाकायला आल्यासारखा बसलेला. बाई मुद्दाम सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसल्या. तिसऱ्या रांगेत धाकटी होती, मांडीवर ठकी. ठकी पुढच्या खुर्चीतल्या माणसाच्या टकलाला हात लावू पाहत होती आणि धाकटी तो हात पुन्हा पुन्हा खाली घेत होती.

कदाचित उठला. काही न बोलता त्याने खिशातून ओला रुमाल काढला, हॉलच्या खिडकीची कड पुसली आणि काळा झालेला रुमाल लोकांसमोर धरला. "ही धूळ तुम्ही रोज झटकता," तो म्हणाला. "ती कुठून येते, ते सांगायला मी आलोय." मग तो बोलत गेला, आणि काय बोलला! कारखान्याबद्दल, शिशाबद्दल, ते मुलांच्या अंगात कसं शिरतं त्याबद्दल. माती घ्यायला आला तेव्हा एका कोंबडीने त्याची पिशवी पळवली होती, ते सांगितलं तेव्हा सगळे खळखळून हसले, आणि हसणं पुरतं ओसरेपर्यंत तो थांबला. ही माती साफ होणार नाही, हेही त्याने सांगितलं, सरळ, डोळ्यांत डोळे घालून. पुढच्या रांगेतल्या एका आईने तोंडावर पदर धरला. त्या वाक्यापाशी हॉल अगदी त्याच्या मुठीत होता. बाईंना वाटलं, जिंकलं पोराने.

मग तो शेवटाकडे वळला. वीतभर नवी माती. तीन पाणी. वीस आकडे. तो हातांनी दाखवत होता, माती कशी पसरायची, हात कसे चोळायचे, आणि लोकांचे खांदे सैल होताना मागच्या रांगेतूनसुद्धा दिसत होते. बायका एकमेकींकडे बघून माना हलवायला लागल्या. कुणीतरी वीस आकडे मोजूनही पाहिले.

एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले, निवृत्त बसचालक. "साहेब, घुमवून फिरवून नको," ते म्हणाले. "तुम्ही सांगता ते सगळं आम्ही मनापासून केलं, तर पोरांचा धोका कमी होईल की नाही? एका शब्दात सांगा."

कदाचितची नजर छताकडे गेली, पूर्वी जायची तशी. दोन्ही बाजू तपासायला लागलेली ती नजर बाईंना पाठ होती. तिथून ती खाली उतरली आणि मागच्या रांगेत बाईंना शोधू लागली. बाईंनी तर्जनी उचलली आणि हवेतच खाली आपटली. टिंग. आधी हो किंवा नाही, स्पष्टीकरण मागून.

"हो," कदाचित म्हणाला. "कमी होईल."

आणि टाळ्या पडल्या. साध्या नाहीत, जीव भांड्यात पडल्यावर माणसं वाजवतात तशा, उठून, एकमेकांकडे वळून. कदाचितचे ओठ हलत होते. कमी होईल पण तेवढ्याने भागणार नाही, मुलांचं भागणार नाही, असं तो म्हणत होता, आणि ते बाईंना केवळ ओठांवरून कळलं, कारण ते वाक्य त्यांनीच बसवून घेतलं होतं. माइक तेवढ्यात आभार मानायला दुसऱ्याने घेतला होता. काय झालं ते बाईंना उमगलं. पण त्याआधीचा एक क्षण असा होता, की त्यांना फक्त आपल्या विद्यार्थ्याचा अभिमान वाटला होता, आणि त्या क्षणात त्यांचे स्वतःचे हातही टाळ्या वाजवायला लागले होते. ते थांबवायला हवेत हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

हात वर करून मतं घेतली. जायचं म्हणणारे हात निम्म्याला बरेच कमी पडले. राहायचं म्हणताना धाकटीने स्वतःचा हात वर केला आणि ठकीचाही केला. ठकीला तो खेळ आवडला, तिने दोन्ही हात वर केले. अधिकाऱ्याने फाइल मिटली.

कालव्याच्या कडेने घरी जाताना बाईंनी धाकटीचा दंड धरला. "अगं, काय केलंस? तो म्हणाला ना, माती साफ होणार नाही म्हणून?"

"म्हणाला की. आणि काय करायचं तेही म्हणाला." धाकटीचा चेहरा कित्येक महिन्यांत दिसला नव्हता असा मोकळा होता. "ताई, तू नुसती भीती घालायचीस गं. जा, जा, जा. हे कधी सांगितलंस का, की वीतभर माती टाकली की भागतं?"

"भागत नाही!"

"त्यानेच सांगितलं, कमी होईल म्हणून. तुझा विद्यार्थी आहे ना तो? मला सांगितलं त्याने, भाषण बाईंनीच बसवून दिलं म्हणाला." धाकटीने बाईंच्या हातावर हात ठेवला. "तुला तोंडाने म्हणवत नव्हतं, म्हणून त्याच्याकडून वदवलंस. कळलं मला. तुझा जीव आहे माझ्यावर."

बाईंना आयुष्यात कधी शब्द कमी पडले नव्हते. त्या म्हणाल्या, नाही, तसं नाही, म्हणजे थोडा धोका कमी होतो, पण तो कदाचित... आणि स्वतःच्या तोंडून तो शब्द ऐकून गप्प झाल्या.

कदाचितने हार मानली नाही हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. दुसऱ्याच दिवशी तो नगरपालिकेत गेला आणि सभा पुन्हा घ्या म्हणाला. अधिकाऱ्याने त्याला त्याच्याच भाषणाचं रेकॉर्डिंग दाखवलं. "यात कुठलं वाक्य खोटं आहे सांगा," अधिकारी म्हणाला. खोटं एकही नव्हतं. मग त्याने स्वतःच वसाहतीत पुन्हा सभा बोलावली. थोडी माणसं आली. या वेळी त्याने बाईंचं काही ऐकलं नाही. आलेख लावले, आकडे सांगितले, सगळ्या शक्यता मांडल्या, कशाला किती खात्री आहे तेही सांगितलं. लोक जांभया देत होते. निवृत्त बसचालक बाहेर पडताना प्रेमाने त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज नाही रंगलं हो. त्या दिवशी काय बोलला होतात!"

नवीन इमारती रांगेतल्या वस्तीला गेल्या. संस्थेत संचालकांनी कदाचितचं भाषण नव्या तुकड्यांना दाखवायचं ठरवलं. लोकांपर्यंत कसं पोचायचं, त्याचा नमुना म्हणून. त्याला शाबासकीचं प्रशस्तिपत्रही मिळालं. ते घेऊन तो बाईंच्या खोलीत आला, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हे तुमच्याकडे असू दे." आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. महिन्याभरात त्याने नोकरी बदलली. आता तो एका कंपनीत बंद खोलीत माती तपासतो, आणि त्याच्या निकालावर कुणाशीही बोलायची त्याला गरज पडत नाही.

बाईंनी संचालकांना सांगितलं, मी आता शिकवणार नाही. संचालक म्हणाले, असं कसं, पुढची तुकडी आलीय, आणि तुमच्याएवढं हे कुणाला जमतंय? बाईंनी पुढच्या तुकडीला शिकवलं. घंटी मात्र खणात टाकली. कारण विचारलं तर बिघडली म्हणाल्या. नवी मुलं लांबलचक, अडखळत, सगळ्या शंकाकुशंकांसकट बोलायची, आणि बाई ऐकत राहायच्या. त्यांना थांबवावं की थांबवू नये, हे बाईंना आता कळत नव्हतं. भीती घातली तर माणसं कान झाकतात, धीर दिला तर घरी जाऊन झोपतात. दोन्हींच्या मधली वाट असेल तर ती त्यांना सापडली नव्हती, आणि या वयात सापडेल असं वाटतही नव्हतं.

सुटीच्या दिवशी त्या धाकटीकडे गेल्या. परसाचं रूप पालटलं होतं. ट्रकभर तांबूस माती आणून धाकटीने स्वतः, कंबर धरून, पसरली होती. वर कोवळं गवत उगवलेलं. दारापाशी साबण, तांब्या, पुसायला स्वच्छ पंचा. सगळ्या गल्लीत असंच होतं, धाकटी म्हणाली, एकही घर मागे राहिलं नाही. नळाखाली टोमॅटो धुताना ती मोठ्याने पाणी मोजत होती, एक, दोन, तीन. कदाचितचं भाषण तिला अथपासून इतिपर्यंत पाठ होतं, आणि खरं सांगायचं तर ती ते त्याच्यापेक्षा गोड म्हणायची.

"ठकीचं रक्त पुन्हा तपासलं?" बाईंनी विचारलं.

"तपासलं."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, वाढलंय थोडं. आधीचंच असणार गं. इतकी वर्षांची माती, अंगातून जायला वेळ नको?" धाकटी ओल्या हातांनी बाहेर आली. "आणि कोण म्हणतं ती बोलत नाही? या आठवड्यात नवा शब्द शिकलीय. थांब, दाखवते. ठके! ए ठके, मोठ्या आजीला बोलून दाखव बघू."

ठकी भोपळ्याच्या वेलाखाली पाठ करून बसली होती. तिच्या हातात जेवणाचा चमचा होता. समोर तिने एक खड्डा केला होता, कोपरभर खोल, चार वर्षांचं पोर कामाला लागलं तर करील तेवढा. वरचा थर तांबूस होता. वीत संपली तिथून खाली सगळं काळं. काळ्याचा एक छोटा ढीग तिने शेजारी नीट थापून ठेवला होता, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यातही काळं लागलं होतं.

बाई खाली वाकल्या. त्यांनी चमचा घ्यायला हात पुढे केला, तर ठकीने तो छातीशी धरला. मग काय वाटलं कोण जाणे, चमचा भरून काढला, बाईंच्या तोंडासमोर धरला आणि सारा जोर लावून, डोळे मोठे करून म्हणाली, "माती."

"बघितलंस?" धाकटीने ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंस ताई, किती स्पष्ट!"

बाईंना बोलायचं होतं. धाकटे, खड्डा बघ, एवढंच म्हणायचं होतं, आणि त्या म्हणाल्याही. धाकटीने खड्ड्याकडे पाहिलं. "हो गं, खोडकर आहे नुसती," ती म्हणाली. "संध्याकाळी टाकते वर थोडी माती. आणि हात धुऊ ना आता, वीस मोजेपर्यंत." ती पाणी आणायला आत वळली.

ठकी चमचा धरून तशीच उभी होती. शब्द म्हणून झाला होता, आणि म्हटल्यावर काय मिळतं ते तिला आता ठाऊक झालं होतं. ती मोठ्या आजीच्या हातांकडे बघत होती. आजीने काहीच केलं नाही तेव्हा तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

मग बाईंनीही टाळ्या वाजवल्या.